पेटी सुरूच होत नाही तेव्हा

पडदा नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची एक पेटी, तिच्यातून निघालेल्या चार-पाच केबली, शेजारी सोलर पॅनल आणि बॅटरी. भूकंपमापन केंद्र असो, स्वयंचलित हवामान केंद्र असो की नदीची पातळी मोजणारे यंत्र असो, नोंदी ठेवणारी पेटी साधारण अशीच दिसते. आत मात्र अख्खा संगणक असतो: प्रोसेसर, मेमरी, साठवणुकीची फ्लॅश चिप किंवा मेमरी कार्ड, आणि या सगळ्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा लिनक्स. एकाच कामापुरत्या बांधलेल्या अशा संगणकाला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. वीज मिळाल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण उभी राहीपर्यंत जे काही घडते, ते म्हणजे बूट होणे. ते मध्येच अडकले तर पेटी जिवंत आहे की मेली, हे बाहेरून ओळखू येत नाही. एखादा दिवा लागलेला असतो, पण त्यावरून फक्त वीज येते आहे एवढेच कळते.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत अशा पेट्यांना गेल्या काही वर्षांत विशेष महत्त्व आले. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन वारंवार हादरू लागली. एक मोठा भूकंप आणि मागून येणारे धक्के, असा हा प्रकार नव्हता. लहान-मोठ्या धक्क्यांची ती लांबत गेलेली मालिका होती. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतल्या सर्वांत मोठ्याची तीव्रता ४ च्या थोडी वर होती. हळदपाडा येथे घाबरून घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी दगावली. त्या थंडीत पाड्यापाड्यांतली कुटुंबे घराबाहेर, तंबूत झोपत होती. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था यांनी या भागात भूकंपमापक बसवले. दूरच्या केंद्रांवर मोठे धक्के उमटतात, पण दोनपेक्षा कमी तीव्रतेचे असंख्य धक्के टिपायचे तर यंत्र जवळच हवे. शिवाय धक्क्याची खोली नीट काढायची असेल तर त्याच्या भोवती, निरनिराळ्या दिशांना केंद्रे लागतात. त्यांतले एक बंद पडले तरी उरलेल्यांच्या उत्तराची अचूकता घटते.

दुसरी पेटी हवामान केंद्राची. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या चिकूला फळपीक विमा आहे आणि तो हवामानाच्या नोंदींवर चालतो. ठरावीक काळात पाऊस आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, असे केंद्राच्या नोंदीत दिसले तर भरपाई लागू होते. ऐन पावसाळ्यात नोंदी ठेवणारी पेटी चार दिवस बंद राहिली, तर बागायतदाराच्या दृष्टीने तो केवळ तांत्रिक बिघाड राहत नाही.

बाजारात मिळणारा संगणक बंद पडला तर तोच दोष आधी हजारो जणांना आलेला असतो आणि त्यावरचा उपायही कोणाला तरी ठाऊक असतो. खास एखाद्या कामासाठी बांधून घेतलेल्या बोर्डाचे तसे नाही. त्याच्या दहा-वीसच प्रती असतात, रचना करणारा अभियंता नोकरी बदलून गेलेला असतो आणि सर्किटची आकृती सापडलीच तर आवृत्ती जुनी निघते. त्यामुळे इथे ठोकताळ्यांपेक्षा क्रम उपयोगी पडतो.

बूट होण्याचा क्रम ठरलेला आहे आणि बिघाड शोधण्याची सगळी रीत त्यावरच उभी आहे. वीज स्थिर झाली आणि रीसेटची तार सुटली की प्रोसेसर स्वतःच्या पोटात कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम चालवतो. त्याला बूट रॉम म्हणतात. तो बदलता येत नाही, म्हणून बिघडतही नाही. पुढचा प्रोग्राम कुठून उचलायचा, मेमरी कार्डावरून, फ्लॅश चिपमधून की यूएसबीवरून, हे तो बोर्डावरच्या काही पिनांची स्थिती वाचून ठरवतो. या वेळी मुख्य मेमरी अजून चालू झालेली नसते. प्रोसेसरच्या आत थोडीशी मेमरी असते, काही किलोबाइटांपासून काहीशे किलोबाइटांपर्यंत. तिच्यात मावेल एवढा पहिला लोडर येतो आणि तो मुख्य मेमरी चालू करतो. मग मोठा बूटलोडर येतो. लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डांत तो बहुधा यू-बूट असतो. तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणून ठेवतो, सोबत डिव्हाइस ट्री नावाची फाइल देतो आणि सूत्रे कर्नलच्या हाती सोपवतो. कर्नल एकेक उपकरण ओळखतो, मूळ फाइल सिस्टिम जोडतो आणि इनिट हा पहिला प्रोग्राम सुरू करतो. भूकंपाच्या लहरी नोंदवणारे किंवा पाऊस मोजणारे खरे काम त्यानंतर चालू होते.

आता प्रश्न एवढाच उरतो की गाडी कोणत्या स्टेशनापर्यंत पोचली. त्याचे उत्तर सिरियल पोर्ट देतो. जवळजवळ प्रत्येक बोर्डावर तीन पिना यासाठी ठेवलेल्या असतात: पाठवण्याची, घेण्याची आणि ग्राउंडची. दोनेकशे रुपयांचे यूएसबी अडॅप्टर त्यांना जोडले की लॅपटॉपच्या पडद्यावर पेटीचे बोलणे उमटू लागते. बोर्डाची पाठवण्याची पिन अडॅप्टरच्या घेण्याच्या पिनेला लावायची असते. सारख्या नावाची सारखीला जोडणे ही नवशिक्याची हमखास चूक. वेग बहुधा सेकंदाला १,१५,२०० बिट असतो. जोडणी करण्याआधी व्होल्टेज तपासावे, कारण काही बोर्डांची ही पिन ३.३ व्होल्टची असते, काहींची १.८ ची, आणि ५ व्होल्टचे अडॅप्टर लावले तर चांगला प्रोसेसरही जातो. अडॅप्टरवर चौथी, वीजपुरवठ्याची पिन असते. ती जोडायचीच नाही. जोडली तर बोर्डाला उलट्या बाजूने अर्धवट वीज मिळते आणि नसलेले बिघाड दिसू लागतात. पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा आला तर निराश होण्याचे कारण नाही. वेग चुकला आहे, पण प्रोसेसर जिवंत आहे, हे त्यावरून कळते.

पेटी अडकते त्या क्षणी पडद्यावर आलेली शेवटची ओळ हा या कामातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तरीही प्रत्यक्षात काय होते? पेटी सुरू होत नाही म्हटल्यावर पहिला हात मेमरी कार्डाकडे जातो. ‘कार्ड पुन्हा भरून बघू.’ कधी कधी त्याने पेटी सुरूही होते, आणि मग दोष काय होता ते कायमचे अंधारात राहते. महिन्याभराने तीच पेटी पुन्हा बंद. ही सवय मोडण्यासारखी आहे. आधी सगळा मजकूर जपून ठेवावा, कार्डाची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

पडद्यावर एकही अक्षर येत नसेल तर सॉफ्टवेअरचा विचार बाजूला ठेवून मल्टिमीटर हातात घ्यावा. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून बोर्डावर निरनिराळे पुरवठे तयार होतात: ५, ३.३, १.८, मेमरीसाठी १.३५ किंवा १.५, आणि प्रोसेसरच्या गाभ्यासाठी साधारण एक व्होल्टच्या आसपास. प्रत्येक पुरवठा आहे की नाही हे तर पाहायचेच, पण ते योग्य क्रमाने चालू होतात की नाही हेही पाहावे लागते. बऱ्याच प्रोसेसरना हा क्रम चुकला तर चालत नाही. मग रीसेटची तार: ती खालीच दाबलेली राहिली तर प्रोसेसर कायम थांबलेला. मग स्फटिकाचे घड्याळ, अनेक बोर्डांत २४ मेगाहर्ट्झचे. ते तपासताना एक गंमत होते. ऑसिलोस्कोपची प्रोब लावल्यामुळे वाढलेल्या थोड्याशा कपॅसिटन्सनेही चालू असलेले आंदोलन थांबू शकते आणि चांगले घड्याळ बंद असल्यासारखे दिसते.

पुरवठा, रीसेट आणि घड्याळ तिन्ही ठीक असतील तर बूटची जागा ठरवणाऱ्या पिना पाहाव्यात. किनारपट्टीत हा दोष विसरू नये. डहाणूच्या समुद्राकडची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांमुळे बोर्डावर क्षारांचा पातळ थर बसतो. त्यातून अगदी थोडी वीज गळते. मोठ्या पुरवठ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, पण दहा किलोओहमच्या रोधाने वर ओढलेल्या एखाद्या पिनेची स्थिती त्याने डळमळू शकते. मग प्रोसेसर मेमरी कार्डाऐवजी भलतीकडेच प्रोग्राम शोधत बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, एवढ्यावर असे कितीतरी बोर्ड सुधारतात. पेटी बसवण्यापूर्वीच बोर्डावर संरक्षक लेप मारणे अर्थातच बरे. जोडण्यांवर चढलेला हिरवट गंज, केबलच्या भोकातून आत शिरलेल्या मुंग्या, टर्मिनलवर अंडी घालणारी पाल, हेही उघड्यावरच्या पेट्यांचे नेहमीचे पाहुणे.

या टप्प्यावर आणखी एक सोपी चाचणी आहे. कुठेच प्रोग्राम सापडला नाही तर अनेक प्रोसेसरांचा बूट रॉम यूएसबीवरून प्रोग्राम घेण्याच्या तयारीत थांबतो. बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडला आणि लॅपटॉपला एखादे नवे उपकरण दिसले, तर प्रोसेसर, त्याचे घड्याळ आणि त्याचा पुरवठा शाबूत आहेत हे एका झटक्यात सिद्ध होते. दोष साठवणुकीत किंवा तिच्या वाटेवर आहे. याच मार्गाने बूटलोडर आत पाठवून बोर्ड जागाही करता येतो.

पहिल्या लोडरच्या एक-दोन ओळी येऊन थांबले तर संशय मुख्य मेमरीवर. खास बांधलेल्या बोर्डांत सर्वांत चिवट दोष इथेच सापडतात. नमुन्याच्या बोर्डावर एका कंपनीची मेमरी चिप असते. प्रत्यक्ष बांधताना ती बाजारात मिळत नाही, म्हणून ‘तशीच’ दुसरी बसवली जाते. पण मेमरीशी बोलण्याच्या वेळा अब्जांश सेकंदात मोजल्या जातात आणि त्या चिपेप्रमाणे, बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांच्या लांबीप्रमाणे बदलतात. जुने आकडे तसेच ठेवले तर बोर्ड टेबलावर चालतो आणि मे महिन्यात तापलेल्या पेटीत अडकतो. कधी सकाळी सुरू होतो, दुपारी नाही. असा लहरीपणा दिसला की मेमरीची चाचणी रात्रभर, गरम आणि थंड अशा दोन्ही तापमानांत चालवावी आणि वेळांचे आकडे नव्याने काढावेत.

यू-बूटच्या सगळ्या ओळी व्यवस्थित येतात, शेवटी ‘स्टार्टिंग कर्नल’ असे उमटते आणि मग शुकशुकाट. पुष्कळदा कर्नल मेलेला नसतोच. तो दुसऱ्याच पोर्टावर बोलत असतो. कर्नलला दिलेल्या सूचनांच्या ओळीत कन्सोल कोणता हे लिहिलेले असते, आणि तिथे एका पोर्टाऐवजी दुसऱ्याचे नाव पडलेले असते. अर्लीकॉन हा पर्याय चालू केला की कर्नल अगदी पहिल्या क्षणापासून बोलू लागतो. तरीही शांतताच असेल तर डिव्हाइस ट्री तपासावी. घरच्या संगणकात कोणते भाग बसवले आहेत हे त्याचे फर्मवेअर कर्नलला सांगते. लहान बोर्डांत ती सोय सहसा नसते. मेमरी किती, कोणत्या पिनेवर काय, कोणता पुरवठा कशाला, हे सगळे या फाइलमध्ये आधीच लिहून द्यावे लागते. जवळपास सारख्या दुसऱ्या बोर्डाची फाइल उचलून आणली तर कर्नल नसलेल्या भागाची वाट पाहत राहतो, किंवा एखादा पुरवठा वापरात नाही असे समजून तो बंद करतो आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

त्यापुढची प्रसिद्ध अडचण म्हणजे मूळ फाइल सिस्टिम न जोडता येणे. तेव्हा कर्नल ‘पॅनिक’ असा शब्द छापून थांबतो. तो भीतिदायक वाटला तरी तंत्रज्ञाला बरा वाटावा असा आहे, कारण बहुतेक हार्डवेअर ठीक आहे हे तोवर सिद्ध झालेले असते. कारणे तीन-चारच. साठवणुकीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये घातलेला नाही, साठवणुकीतल्या विभागाचे (पार्टिशनचे) नाव चुकले, कार्ड ओळखले जाण्याआधीच कर्नलने घाई केली, किंवा फाइल सिस्टिमच खराब झाली. नावाची चूक अलीकडे जास्त दिसते. बोर्डावर फ्लॅश चिप आणि मेमरी कार्ड दोन्ही असतील तर कोणाला शून्य क्रमांक आणि कोणाला एक, हे नव्या कर्नलांत दर वेळी सारखे राहीलच असे नाही. म्हणून क्रमांकाऐवजी विभागाची कायमची ओळखसंख्या लिहावी. फाइल सिस्टिम जोडली गेली, पण इनिट सुरू होत नाही, असे असेल तर प्रोग्राम दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी तयार केलेला असतो किंवा त्याला लागणारी लायब्ररी गायब असते.

सर्वांत फसवा बिघाड मात्र वेगळाच. पेटी बूट होते, ओळी भराभर येतात, आणि अगदी शेवटी, मोबाइल मोडेम सुरू होण्याच्या ओळीवर, पडदा पुसून पहिल्यापासून सुरुवात होते. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटची ओळ मोडेमची, म्हणून दोष मोडेमच्या ड्रायव्हरचा, असे वाटणे साहजिक आहे. नवा ड्रायव्हर घातला तरी काही बदलत नाही. मीटर लावला तर पुरवठा बरोबर दिसतो. खरे काय ते ऑसिलोस्कोपवर दिसते. टूजी जाळ्यावर मोडेम संदेश पाठवतो तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचे झटके मारतो आणि प्रत्येक झटक्यात दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतो. बॅटरी पावसाळी आभाळामुळे अर्धीच भरलेली, तिच्यापासून पेटीपर्यंतची वायर बारीक आणि लांब, त्यामुळे त्या क्षणापुरते व्होल्टेज कोसळते आणि पुरवठ्यावर नजर ठेवणारी रक्षक चिप प्रोसेसरला रीसेट करते. साधा मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याला यातले काही दिसत नाही. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाहीच: जाड आणि आखूड वायर, मोडेमजवळ मोठा कपॅसिटर, आणि बॅटरी पुरेशी भरेपर्यंत मोडेम चालू न करणे. जुलै-ऑगस्टमध्ये ‘सॉफ्टवेअर बिघडले’ म्हणून येणाऱ्या पेट्यांची बॅटरी आधी लोडवर तपासावी.

वारंवार वीज जाण्याचा दुसरा परिणाम साठवणुकीवर होतो. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर ती फाइलच नव्हे, कार्डाच्या आतल्या नोंदवहीचा भागही बिघडू शकतो. म्हणून शहाणा रचनाकार ऑपरेटिंग सिस्टिमचा विभाग फक्त वाचण्यापुरता ठेवतो आणि नोंदींसाठी वेगळा विभाग देतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन प्रती ठेवल्या तर आणखी चांगले. बूटलोडर अयशस्वी प्रयत्न मोजतो, आणि ठरलेल्या आकड्यानंतर दुसऱ्या प्रतीवर जातो.

या सावधगिरीचे मोल मंगळावर दिसले. नासाची स्पिरिट ही गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला तिचे नेहमीचे बोलणे थांबले. तिचा संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत होता. फ्लॅश मेमरीत फाइली इतक्या साचल्या होत्या की बूट होताना त्यांची यादी सांभाळायला मुख्य मेमरी पुरत नव्हती. रीसेट झाल्यावर तीच फ्लॅश पुन्हा जोडायची आणि पुन्हा तेच व्हायचे. अभियंत्यांनी फ्लॅशला हात न लावता बूट होण्याची आज्ञा पाठवली. ती वाट आधीच ठेवलेली होती, म्हणून गाडी वाचली. मग जुन्या फाइली काढल्या आणि फेब्रुवारीत काम पुन्हा सुरू झाले. तलासरीच्या डोंगरातल्या केंद्रावर जीपने जाता येते हे खरे, पण साठवणुकीशिवाय बूट होणारी एक आणीबाणीची वाट तिथल्या पेटीतही असावी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की ते अंतरही कमी नसते.

आणि पेटी सुरू झाली म्हणून काम संपत नाही. बोर्डावरच्या नाण्याएवढ्या बॅटरीने मान टाकली असेल तर पेटी १ जानेवारी १९७० ही तारीख धरून उठते. मग सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र तिला ‘अजून लागू न झालेले’ वाटते आणि नोंदी पाठवणेच थांबते. भूकंपमापकात तर घड्याळ हेच अर्धे यंत्र आहे. पहिली लहर खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. एका केंद्राचे घड्याळ एक सेकंदाने चुकले तर त्याच्या हिशेबात धक्का सहा किलोमीटर इकडचा तिकडे होतो, आणि डहाणूच्या धक्क्यांसारख्या लहानशा टापूत तो भलत्याच गावाखाली जाऊन बसतो. म्हणून जीपीएसची वेळ मिळेपर्यंत नोंदींवर ‘घड्याळ अविश्वसनीय’ अशी खूण पडायला हवी.

दुरुस्त पेटी जागेवर नेण्यापूर्वी तिची वीज किमान पन्नास वेळा तोडून जोडावी, आणि त्यांतल्या काही वेळा मुद्दाम लिहिणे चालू असताना. प्रत्येक वेळचा सिरियलवरचा मजकूर साठवावा. नीट बूट झाल्याचा एक पूर्ण मजकूर छापून पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. पुढच्या वेळी येणाऱ्या तंत्रज्ञाला कोणती ओळ आली नाही हे त्याच्याशी ताडूनच कळते.